‘सॅड’ या शब्दाची चौकशी

नालवाडी, वर्धा
४ ऑक्टोबर २०२५

चि. सुरभी,

आशीर्वाद. माझी प्रकृती चांगली आहे, गुडघे वयाप्रमाणे. तुझीही चांगली असेल असं धरून चालते, कारण तू कळवत नाहीस.

दसऱ्याला चौकापलीकडच्या सुलोचनाबाईंनी माझा फोटो काढून तुला पाठवला. त्यावर तुझं उत्तर आलं, ‘मावशी, आर यू सॅड?’ आणि पुढे एक पिवळं रडकं तोंड. बाईंनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं. तोंडाचंही वर्णन केलं.

माझा चेहरा असाच आहे. पाटबंधारे खात्यात नोकरीभर मी हाच चेहरा घेऊन गेले आणि तिथे त्याचा उपयोगच झाला.

पण तू हे इंग्रजीत का विचारलंस, ते काही मनातून जाईना. मराठीत विचारून पाहिलं. आरशासमोर उभी राहून मोठ्यानं म्हणाले, ‘मावशी, तू दुःखी आहेस का?’ नाटकातलं वाक्य वाटलं. तुझ्या आईनं जन्मात कुणाला असं विचारलं नाही. मीही नाही. मग आपल्याकडे हे विचारतच नाहीत, की दुसऱ्या कुठल्या शब्दांनी विचारतात? विचार चालू आहे.

तोवर म्हटलं, निदान त्या इंग्रजी शब्दाची तरी चौकशी करावी. बी.ए.ला माझं इंग्रजी साहित्य होतं, पण कोशात ‘सॅड’ कोण बघतं! सुलोचनाबाईंचे प्रभाकरराव कॉलेजात इंग्रजी शिकवत. त्यांच्याकडे दोन खंडांचा कोश आहे, उशीएवढा एकेक.

“कोकिळाताई, शब्द पाहायला आलात की माझी परीक्षा घ्यायला?” त्यांनी विचारलं.

“दोन्ही. खाली काढा.”

खंड त्यांना पेलेना, मला उचलता येईना. शेवटी सुलोचनाबाईंनी तो पलंगावर टाकला आणि आम्ही दोघं भिंग घेऊन त्यावर ओणवलो. बाई म्हणाल्या, “कुंडली बघताय का कुणाची?” चहा आला. मी बिनसाखरेचा मागितला. जिलेबी होती, ती राहू दिली.

आता ऐक. सॅडचा सगळ्यात जुना अर्थ काय असावा? दुःखी नाही. त्याच्या जवळचाही नाही. हजार वर्षांपूर्वी इंग्लंडात सॅड म्हणजे पोट भरलेला. पोटभर जेवून तृप्त झालेला माणूस. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. प्रभाकररावांनाही हे ठाऊक नव्हतं, पण त्यांनी मान अशी डोलावली, जणू होतं.

तृप्त माणसाचा दुःखी माणूस कसा झाला? ते तुला पुढच्या पत्रात कळवीन. तू तोवर तर्क कर. आणि उत्तर कागदावर लिही, वर तारीख घालून.

तुझी मावशी,
कोकिळा


नालवाडी, वर्धा
२६ ऑक्टोबर २०२५

चि. सुरभी,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. तारीख नव्हती, अक्षर तुझ्या आईसारखं आहे. शुगर तपासून घे म्हणतेस, तर घेतली. ठीक आहे. तो विषय संपला. यंदा आपल्याला सण नव्हता, त्यामुळे दिवाळी शांतपणे गेली. समोरच्यांनी फराळाचं ताट पाठवलं, ते मी कामवालीला दिलं.

तू लिहिलंस, ‘आई नाही, आता तिकडे येऊन काय करू?’ ते वाक्य मी बऱ्याचदा वाचलं. आधी शब्दाचं पुरं करते.

तुझा तर्क चुकला. जास्त जेवून पोट दुखलं म्हणून दुःखी, असं नव्हे. पण फार लांबही नाहीस. पोट भरलेला माणूस जड होतो, तसा शब्दही जड झाला. सॅड म्हणजे भरीव, वजनदार. तिकडे चुलीवर तापवायची भरीव लोखंडाची इस्त्री असे, तिला सॅड इस्त्री म्हणत. कुठे कुठे न फुगलेल्या दडस पावालाही सॅड म्हणतात. दुसरीकडे पोट भरलं की कंटाळाही येतो, आणखी नको वाटतं, तोही अर्थ त्याला चिकटला. मग वजनदार वस्तूवरून वजनदार माणूस. एके काळी बाईला सॅड म्हणणं ही स्तुती होती! स्थिर, गंभीर, विश्वास टाकावा अशी. हे वाचून प्रभाकरराव माझ्याकडे बघत म्हणाले, “ताई, या अर्थानं सुरभीचं बरोबर आहे.” मी त्यांना पुढचं वाचायला सांगितलं.

पुढे त्या गंभीर चेहऱ्यालाच लोक दुःखी समजू लागले. झालं. आणि तुमची पिढी कुणाची कीव करायची तरी ‘किती सॅड’ म्हणते. हजार वर्षांत तृप्त माणूस कुठून कुठे आला!

मी घरी येताना वाटभर हसत होते, की इंग्रज लोक काय विचित्र. मग नालवाडीच्या चौकात थबकले. आपणही तेच केलंय की. पोट भरतं. ताट भरतं. आणि मन भरून येतं, डोळे भरून येतात, गळा भरून येतो. भरल्यापणातून रडण्यापर्यंत आपणही चालत गेलो, फक्त वाटेत जुना अर्थ टाकून दिला नाही. हे घरी जाऊन तुझ्या आईला सांगायचं म्हणून मी पावलं उचलली. फाटकाचं कुलूप मलाच उघडावं लागलं, तेव्हा लक्षात आलं.

असो.

रोहण्याहून माझी जाऊ सीताबाई आली होती, संत्री घेऊन. तुला आठवत असेल, हिचा आवाज शेताच्या पार टोकाला जातो. चहा पाहून म्हणाली, “बाई, असा फिक्का चहा काऊन पिऊन राह्यल्या? साखरेची बिमारी लागली का तुमाले?”

“नाही. तपासलंय.”

“मंग?”

पुढे ती बरंच बोलली. ते लिहिण्यासारखं नाही. संत्री आंबट होती.

जेवणाचं काय करतेस? बाहेरून मागवतेस आणि अर्धं तसंच टाकतेस, असं तू सहज लिहून गेलीस. मला ते सहज वाटलं नाही. भरल्या ताटावरून उठायची सवय तुला लागलेली दिसते.

तुझी मावशी,
कोकिळा


नालवाडी, वर्धा
९ नोव्हेंबर २०२५

सुरभी,

तू रागावलीस, ते बरं झालं. रागावल्यावर तू पानभर लिहितेस. ‘भरल्या ताटावरून’ हे मी तुझ्या आईच्या तेरवीच्या दिवशीही बोलले होते आणि तू विसरली नाहीस, असं तू लिहिलंस. मीही विसरलेले नाही. म्हणून आज शब्दकोश बाजूला ठेवते.

तुझ्या आईचं नाव काढून सीताबाई जे बोलली ते असं:

“जयाबाई गेल्या तवापासून तुमी गोड तोंडात टाकलं नाई. मले दिसते. म्या भरवू का एक घास?”

“तू सासरची. घास माहेरच्या माणसानं भरवायचा असतो.”

“सासरच्याईले का हात नसते?”

“असतात. रीत नसते.”

“रीत!” ती म्हणाली. “तुमच्या माहेरी आता हाय कोन रीत पाळाले?”

तुला ही रीत कुणी सांगितली नसेल. मयताच्या घरात गोड शिजत नाही. सुतक सरलं की माहेरचं माणूस पहिला गोड घास भरवतं. तो आपल्या हातानं घ्यायचा नसतो. तुझे काका, माझे यजमान, गेले तेव्हा तुझी आई आर्वीहून एस.टी.नं आली, मांडीवर गव्हाच्या खिरीचा डबा. मी या खोलीत ताठ बसलेली. माझ्यापुढे चमचा धरून म्हणाली, “उघडा तोंड, साहेब. फाइल नाही, खीर आहे.” मी हसले, आणि हसताना रडले. ती परत आर्वीला गेलीच नाही. म्हणाली, हिला रोज कुणी भरवायचं?

तिच्या तेरवीला मोठी म्हणून मीच पंगतीत फिरले. सगळ्यांना घास दिला. तुझ्यापर्यंत पोचले तर तुझी विमानतळाची गाडी दारात, आणि तू उठलेली. माझ्या हातात घास तसाच. तो मी गाईला घातला. मला कुणी भरवलं नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण वाढणारी जेवली का, हे कोण बघतं? तुझी आई बघायची.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. मराठीत तो कसा विचारतात, ते मला सापडलं. तुझी आई रोज फोनवर तुला विचारायची, “जेवली का?” तू वैतागून म्हणायचीस, “हो आई, हो.” तिला पोळी-भाजीची यादी नको होती, सुरभी. तू जे मला इंग्रजीत विचारलंस, तेच ती रोज विचारत होती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजांना हे कळलं असतं.

तर उत्तर लिहून देते. नाही, मी जेवले नाही. जूनपासून जेवले नाही. तूही नाहीस.

तिकडे येऊन काय करू, असं तू विचारलं होतंस. घास भरवायला ये. बहिणीची मुलगी म्हणजे माहेर नव्हे, असं म्हणणारे म्हणतील. माझ्या माहेरात तूच उरलीस, म्हणून रीत मी बदलली आहे. गहू भिजत घालून कांडून ठेवीन. सीताबाई गूळ पाठवणार आहे आणि स्वतःही येईन म्हणते. मी नाही म्हटलेलं नाही. पहिला घास तू मला द्यायचा. दुसरा मी तुला. तोंड उघडायला मला जरा वेळ लागेल, तर हात खाली घेऊ नकोस.

तिकीट कुठल्या दिवसाचं ते कळव. तारीख घालून.

रिकाम्या पोटी ये.

तुझी मावशी