जमुनीच्या कानातला बिल्ला

८ सप्टेंबर
आमची गंगी गाय सकाळी गेली. लंपीने. अंगभर गाठी, चार दिवस पाणीसुद्धा घेतलं नाही.
हे अंबडला कंपनीत. फोनवर म्हणाले, "डॉक्टरीनबाईला कळव. सरकार भरपाई देतं. पण कानात नंबराचा बिल्ला पायजे."
बिल्ला! गंगीच्या कानात तो नव्हताच. गेल्या साली बिल्ले मारायला माणसं आली तेव्हा गंगी गाभण. सासूबाईंनी तिला मागच्या बांधावर नेऊन लपवली. "गाभणीच्या कानाला भोक पाडायचं नाय." मीही गप्प बसले. बिल्ला मिळाला तो दुसऱ्या गाईला, एकट्या जमुनीला.

तीच तारीख, दुपार
हे अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आले. "दोघी सख्ख्या बहिणी. रंग येक, कपाळावरचा चांद येक. कोन वळखनार?"
जमुनीचं डोकं मी धरलं. हो, मीच. बिल्ला कापून काढला, रक्त आलं, हळद दाबली. मग बिल्ला ओढून निघाल्यासारखा यांनी गंगीचा कान चिरला. सासूबाई उठून बाहेर गेल्या.

९ सप्टें.
पंचनामा झाला. जमुनीला आधीच मागच्या बांधावर नेऊन बांधलं होतं, त्याच जागी. डॉक्टर मॅडम नवीन आहेत. "बिल्ला कानात का नाही?" हे बिल्ला पुढे करून म्हणाले, "काट्यात अडकून निघाला." त्यांनी कान बराच वेळ बघितला.
"घरात दुसरं जनावर?"
"नाही," मी म्हणाले. यांनी तोंड उघडायच्या आतच!
मीठ-चुना घालून गंगीला पुरलं. रडू आलं, पण कशाचं ते नीट कळेना.

१२ सप्टें.
डेअरीवाला म्हणतो, "गाय गेली म्हनं, मग हे दूध कोनाचं?" बहिणीकडचं, म्हटलं. एक खोटं झाकायला किती खोटी...

१४ सप्टें.
सरकारी माणसं गावात लंपीची लस टोचत फिरली. मॅडम दारापुढून गेल्या. "तुमच्याकडे आता जनावर नाही ना?" मान हलवली. जमुनी बांधावर हंबरली. त्यांनी वळून बघितलं की नाही, माहीत नाही. मी बघितलंच नाही.

१८ सप्टें.
यांच्या मोबाइलवर मेसेज. अर्ज पुढे गेला. हे खूश. सासूबाई म्हणाल्या, "जित्या गाईला कागदावर मारलं तुमी." तुम्हीच लपवली होती ना गंगीला, असं ओठावर आलेलं.

२१ सप्टें.
जमुनीच्या मानेवर गाठ. गोचीड असेल. असावी.

२२ सप्टें.
गोचीड नाही. आता तीन गाठी, अंग तापलेलं. लस मिळाली असती तर... नको.
हे म्हणतात, "दोन दिस थांब. पैसे खात्यात पडू दे." गंगी चार दिवसांत गेली, हे विसरले काय? मॅडम आल्या की पहिला कानच बघणार. मग भरपाई गेली, वर पोलीस केस. यांची नोकरी? सासूबाई लिंबाचा पाला उकळतायत.

तीच तारीख, संध्याकाळ
जमुनीने वैरणीला तोंड लावलं नाही. माझा हात चाटला, जीभ कढत लागली.
मॅडमना फोन लावला. बोलायचं काय, तेही ठरवून ठेवलेलं: तुम्ही जी मेली म्हणून लिहून घेतलीत, ती आजारी आहे.
रिंग गेली. उचलला नाही. हे यायच्या आत परत लावायला हवा.