घाटातली पहिली रांग

अण्णा,

तुमची नात पुढच्या महिन्यात मैत्रिणींबरोबर न्यूझीलंडला चालली आहे. अठरा वर्षांची झाली. काल जेवताना तिने तिच्या सिंगापुरी ढंगात विचारलं, "आई, आजोबांना तिकडे आवडलं होतं का? यू नेव्हर से एनीथिंग, लाह." मी म्हणाले, खूप आवडलं होतं. तळी आवडली, बर्फ आवडला. एवढं बोलून मी ताटं उचलली. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, आणि त्या आठ दिवसांबद्दल मी कुणाशीच बोललेली नाही, तिच्या बाबांशीसुद्धा नाही. त्यांना तेव्हा रजा मिळाली नाही, ते तिच्याजवळ घरी राहिले, म्हणून सहलीला आपण दोघंच गेलो होतो. तिथे जे झालं ते तुम्हाला आणि मलाच माहीत आहे. त्यातलं शेवटचं तर तुम्हालाही माहीत नाही.

आई गेल्यानंतरच्या वर्षी तुम्ही दोन महिन्यांसाठी सिंगापूरला आलात. पासिर रिसचा आमचा अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट. मी सकाळी चांगी बिझनेस पार्कला निघून जायचे आणि दिवसभर मला काळजी, की तुम्ही एकटे काय करत असाल. चौथ्या दिवशी कळलं की तुम्ही खाली उतरून बस इंटरचेंजला जाता, दिसेल त्या डबल डेकरमध्ये चढता, वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जाता आणि तशाच बसने परत येता. संध्याकाळी मी पोळ्या लाटत असताना तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सगळं सांगायचात. अमक्या वळणावर त्याने गाडी कशी घेतली, तमक्याने ब्रेक कसा अलगद लावला. "पाण्याचा पेला ठेवला असता तरी सांडला नसता बघ." नातीने तुम्हाला सांगितलं की इथे ड्रायव्हर म्हणत नाहीत, बस कॅप्टन म्हणतात. घास हातात धरून तुम्ही कितीतरी वेळ हसत होता. "म्हणजे मी एकतीस वर्षं कॅप्टन होतो, आणि तुझ्या आजीने मला एकदासुद्धा सॅल्यूट केला नाही!"

तुम्हीच एकदा म्हणालात, "रस्ते झकास आहेत तुमच्याकडे. पण चढ नाही, उतार नाही. ड्रायव्हरला झोप कशी येत नाही?" तेव्हा मला वाटलं, तुम्हाला मोठा घाट दाखवावा. इथून भारतीय कुटुंबांसाठी सहली निघतात, शाकाहारी जेवणासकट. त्यातली न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाची मी निवडली. डोंगर, तळी, हिमनदी, आणि सगळा प्रवास बसने. तुम्ही नकाशा मागून घेतलात आणि तळ्यांवरून बोट न फिरवता दोन तळ्यांमधल्या वेड्यावाकड्या रेषेवरून फिरवलंत. मी मनात म्हटलं, बरोबर जागी पैसे लागले.

चांगी विमानतळावर रांगेत पुढे माझे मॅनेजर आणि त्यांच्या पत्नी उभे होते. बिशानला कॉन्डोत, म्हणजे महागड्या खाजगी सोसायटीत राहणारे, मूळ पुण्याचे. तेही त्याच सहलीला निघाले होते. मला ते ठाऊक नव्हतं. तुम्ही त्यांना वाकून नमस्कार केलात, आणि मला ते वाकणं खटकलं. हे मी आज लिहिते आहे, पण तेव्हाही मला ते कळलं होतं.

पहिल्या दिवशी बस सुटल्यावर टूर लीडरने दोन गोष्टी सांगितल्या. एक, जागा रोज बदलायच्या, दर दिवशी दोन रांगा पुढे सरकायचं, म्हणजे पहिली रांग सगळ्यांना मिळेल, भांडण नको. दुसरी, प्रत्येकाने माइकवरून आपली ओळख करून द्यायची. माइक आपल्याकडे आला तेव्हा तुम्ही हात पुढे केला होता. मी तो आधी घेतला. हिंदीत माझं नाव, काम सांगितलं आणि म्हणाले, माझे वडील परिवहन खात्यातून निवृत्त झाले आहेत. मॅनेजर मागे वळून मराठीत म्हणाले, "अरे वा! काका, कुठल्या पोस्टवर होतात?" तुम्ही तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "क्लास टू. डिव्हिजन ऑफिसला." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही, नुसतं बघितलंत. मग त्यांना म्हणालात, "हो. झाली आता काही वर्षं."

परिवहन खातं हा शब्द तसा घरातलाच होता. माझ्या लग्नाच्या वेळी मध्यस्थांनी माहितीपत्रात 'परिवहन खात्यात नोकरी' असं लिहिलं, तेव्हा आई कुरकुरली आणि तुम्ही म्हणालात, "खोटं काय आहे त्यात? खात्याचीच गाडी चालवतो ना?" पण क्लास टू माझं होतं. ते कुठून आलं मला सांगता येणार नाही. चौथीत असताना मी वर्गात सांगायचे की चिपळूणहून कराडला जाणारी लाल गाडी आमच्या अण्णांची आहे. सुट्टीत तुम्ही मला तुमच्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर गोधडी टाकून बसवायचात, आणि कुंभार्ली घाटात मागचे लोक डोळे मिटून बसलेले असताना एकट्या मला भीती वाटायची नाही. "ज्या गिअरात चढतो, त्याच गिअरात उतरायचं. उतरताना शहाणपणा करायचा नाही," असं तुम्ही सांगायचात. त्या गोधडीपासून त्या माइकपर्यंत मी कधी आले, मला कळलंच नाही.

पुढचे दिवस तुम्ही माझं ते बोलणं निभावलंत. मला वाटलं होतं तुम्ही गप्प राहाल. पण मॅनेजर जेवताना तुमच्या शेजारी येऊन बसायचे, "काका, तुम्ही डिपार्टमेंट आतून बघितलंय, सांगा, तोट्यात का जातं हो?" असं विचारायचे, आणि तुम्ही घसा साफ करून, तुमच्या डेपोतले साहेब जसे बोलायचे तसं बोलायचात. नियोजन, देखभाल, सुटे भाग. एकदा तर 'आमच्या हाताखालचे ड्रायव्हर' असं म्हणालात. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि पीत राहिले.

आणि आपल्या त्या बसचा ड्रायव्हर! साठीचा असेल. पांढरे केस, हाफ पँट, गुडघ्यापर्यंत मोजे. गाडी चालवता चालवता कानाला लावलेल्या माइकवरून तोच डोंगरांची नावं सांगायचा, विनोद करायचा. जेवायला सगळ्यांच्या पंगतीला बसायचा. मॅनेजर त्याच्याबरोबर फोटो काढून घ्यायचे. हे सगळं तुम्हीही बघत होता. रोज रात्री हॉटेलच्या खोलीत तुम्ही मला विचारायचात, "विचारलंस का त्याला? एवढ्या लांब गाडीला उतारावर कितवा गिअर ठेवतो?" मी म्हणायचे, उद्या विचारते. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं. मला येत होतं.

पाचव्या दिवशी पहिली रांग आपली होती. डोंगर ओलांडून पलीकडे हिमनदीकडे उतरायचं, तो दिवस. नकाशावरची ती रेषा. सकाळी गार हवेत सगळे बसच्या दाराशी उभे आहेत आणि तुम्ही मॅनेजरना म्हणताय, "तुम्ही दोघं बसा पुढे. आम्ही मागे बसतो."

"छे छे, काका, आज तुमचा नंबर. नियम म्हणजे नियम."

"मला पुढच्या काचेतून उजेडाचा त्रास होतो. खरंच बसा."

त्यांना आनंदच झाला. आपण त्यांच्या जागी गेलो, शेवटून दुसऱ्या रांगेत. बस सुटल्यावर मी हळूच म्हटलं, "अण्णा, आजच तर घाट आहे. यासाठीच आलो ना आपण?"

"म्हणूनच," तुम्ही म्हणालात. "पुढे बसलो तर पाय ऐकायचा नाही माझा. प्रत्येक वळणाला ब्रेक दाबत बसेन. कुणाच्या तरी ध्यानात येईल. तुझे साहेब आहेत ते."

मला एवढंच बोलायचं होतं की, येऊ दे ध्यानात. दोन तास मिळाले होते मला. समोर सीटच्या पाठी आणि डोकी, डाव्या बाजूला खिडकीत निळं तळं, मग धबधबे, मग नुसती झाडं. पुढचा रस्ता आपल्याला दिसत नव्हता. तुम्ही डोळे मिटून बसला होता. झोपला नव्हता. गाडी वळण घ्यायच्या जरा आधी तुमचा खांदा वळायचा.

हिमनदीच्या वाहनतळापासून पुढे तासभर दगडांतून चालायचं होतं. तुमचे गुडघे क्लच दाबून दाबून गेलेले, तुम्ही म्हणालात मी थांबतो. मी सगळ्यांबरोबर गेले. बर्फ लांबून मळकट दिसत होता. वाटेवर पाट्या होत्या, पूर्वी तो कुठपर्यंत यायचा हे सांगणाऱ्या. सगळ्यांनी फोटो काढले. मी परत फिरले तेव्हा मॅनेजर आणि त्यांच्या पत्नी माझ्या मागेच होते.

तुम्ही आणि तो ड्रायव्हर बसच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसला होता. घाट उतरल्यावर तुम्ही करायचात तेच. हाताची मागची बाजू चाकाजवळ नेऊन ब्रेक तापलाय का ते बघायचं. तोही तसंच बघत होता. मग तुम्ही हवेत गिअर टाकून दाखवलात, भुवया उंचावून विचारलंत. त्याने तीन बोटं दाखवली. तुम्ही मान हलवून दोन दाखवलीत, आणि तळहात तिरका करून असा काही खडा उतार दाखवलात की तो मोठ्याने हसला आणि त्याने कपाळावर हात मारला. आई गेल्यापासून मी तुमचा चेहरा तसा बघितला नव्हता.

"अण्णा!" मी ओरडले. "काय चाललंय? हात बघा किती काळे झालेत. उठा आधी."

तुम्ही लगेच उठलात. इतक्या लगेच, की तोल गेला आणि त्या ड्रायव्हरने तुमचा दंड धरला. मागून मॅनेजर आले. "काय काका, गाडीची तपासणी? ऑफिसर रिटायर झाला तरी इन्स्पेक्शन सुटत नाही!"

"सवय," तुम्ही हसून म्हणालात. "दुसरं काय." आणि रुमालाने एकेक बोट पुसत उभे राहिलात.

त्यानंतरच्या तीन दिवसांत तुम्ही मला गिअरचं विचारलं नाही. सिंगापूरला परत आल्यावर डबल डेकरने हिंडायलाही गेला नाहीत. गुडघा दुखतो म्हणालात. महिन्याभराने चिपळूणला गेलात, आणि दीड वर्षाने मला फोन आला तो तुमच्या डेपोतून. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. दहाव्याला तुमच्याबरोबरचे लोक आले होते, दोघे-तिघे ड्युटीवरून तसेच खाकीत. तुमच्या गाडीवर वीस वर्षं कंडक्टर होते ते काका माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "ताई, तिकडचा घाट कसा आहे हो? आम्ही किती खोदून विचारलं. अण्णा तळ्याचं सांगायचे. निळंशार होतं म्हणायचे. रस्त्याचं विचारलं की म्हणायचे, मी मागे बसलो होतो रे, मला काही दिसलं नाही." मी त्यांना म्हणाले, घाट मोठा होता. आणखी काही सांगता येईना. मीही मागेच बसले होते.

आता ते शेवटचं. परतीच्या दिवशी विमानतळावर ड्रायव्हर बसच्या पोटातून बॅगा काढत होता. आपल्या बॅगा सगळ्यांत शेवटी निघाल्या. तुम्ही माझ्या शेजारी उभे होता. बॅग माझ्या हातात देताना तो तुमच्याकडे बघून मला म्हणाला, तुझे वडील बस चालवायचे ना? डोंगरातली? मला वाटलंच. त्यांना सांग, तुमच्या त्या रस्त्यावर गाडी घालायची माझी हिंमत झाली नसती.

मी म्हणाले, नाही, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. त्यांना गाड्यांची आवड आहे, एवढंच.

 मग त्याने तुमचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. तो गेल्यावर तुम्ही विचारलंत, "काय म्हणत होता गं?" मी म्हणाले, "सुखाने जा म्हणाला." तुम्ही म्हणालात, "बराच वेळ बोलत होता की," आणि बॅग उचललीत.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. नातीला आज ना उद्या सांगेन, त्या सहलीत मी तुमचं काम कसं लपवलं ते. पण यातलं एक तिलाही सांगणार नाही. मॅनेजरसमोर माझी पंचाईत झाली, म्हणून मी तसं वागले, असंच मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले आहे. परतीच्या दिवशी बसपाशी तुम्ही, मी आणि तो ड्रायव्हर, आपण तिघंच होतो, अण्णा. मॅनेजर केव्हाच आत गेले होते.