डाव्या दारावरचा ओरखडा

प्रिय अहो,

हसू नका. बत्तीस वर्षं ज्या हाकेने बोलावलं, तिनेच सुरुवात करतेय. तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. माहेर डोंबिवलीत, सासर डोंबिवलीत, मध्ये दोन गल्ल्या. कोण कशाला पत्र लिहील?

आज दुपारी तुमची गाडी न्यायला माणसं येणार आहेत. हो, विकली. रागावलात? रागवा. पण ती फाटकाबाहेर पडायच्या आत मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. तुम्ही होतात तेव्हाच सांगायला हवी होती. नाही सांगितली.

तीस वर्षं तुम्ही एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात काढलीत. तुम्ही भागीदारांनी मिळून कारखाना विकला, आपण ठाण्याला घोडबंदर रोडला राहायला आलो, आणि एके दिवशी तुम्ही ती निळी, दोनच सीटची, जमिनीला चिकटून चालणारी जर्मन गाडी घेऊन आलात. सेकंडहँड, पण तुमच्या तोंडावर नवरदेवाचं तेज! मी खाली आले, बघितली आणि म्हणाले, "आणि भाजी कुठे ठेवायची?"

तुमचा चेहरा पडला. माझं ते पहिलं वाक्य अजून मलाच बोचतं.

काय काय करायचात तिच्यासाठी! रविवारी दोन बादल्या, एक साबणाची, एक साध्या पाण्याची. ती मऊ फडकी, ज्यांना मी हात लावायचा नाही. उभी राहिली की बॅटरी उतरते म्हणून भिंतीच्या प्लगला कायम लावलेला चार्जर. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून चाकांशी डांबराच्या गोळ्या. कबुतराची शिट पडली की जेवणावरून उठायचात, ती म्हणे रंग खाते. स्पीडब्रेकर आला की बटण दाबून तिचं नाक वर उचलायचं, तरी तिरकी काढायची, आणि खालून खर्र झालं की "आई गं" तुम्हीच म्हणायचात!

वन्सं डोंबिवलीहून किती वेळा म्हणाल्या, "दादा, एकदा मला बसव ना रे तिच्यात." तुम्ही दर वेळी जुन्या गाडीनेच गेलात. "तिथल्या हवेने रंगावर थर बसतो," म्हणायचात. अहो, ती हवा तुमच्या छातीत तीस वर्षं बसलेली! तिची काळजी कधी केलीत?

असो. तुम्हाला बोल लावायला बसलेले नाही. माझी पाळी आहे आज.

मागच्या वर्षीचा तो दिवस तुम्हाला आठवत असेलच. डाव्या दारावर, हँडलच्या खाली, हातभर लांब ओरखडा. पांढरा, खोल. तुम्ही उकिडवे बसून त्यावरून बोट फिरवत होतात, पोराच्या जखमेवरून फिरवावं तसं. मग उठलात आणि घाडींना हाक मारलीत.

घाडी, आपले दिवसपाळीचे वॉचमन. कोकणातले, साठीला टेकलेले. रोज सकाळी गाडीवरची शिट ओल्या फडक्याने टिपायचं काम तुम्हीच त्यांना दिलेलं. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. तुम्ही जुडगा बघितलात, ओरखड्याची उंची बघितलीत, आणि ठरवून टाकलंत. कॅमेऱ्यात ते दार खांबाआड जात होतं.

"साहेब, गणपतीची शपथ, मी नाही."

"मग काय गाडीने स्वतःच खाजवून घेतलं?"

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. घाडी हसले नाहीत. मी लिफ्टपाशी उभी होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, वहिनी काहीतरी बोलतील म्हणून. मी लिफ्टचं बटण दाबलं.

आठ दिवसांत एजन्सीने त्यांना काढलं. सोसायटीच्या वहीत लिहिलं गेलं, "रहिवाशाच्या गाडीचं नुकसान केलं." तक्रार तुमच्या अक्षरात होती.

अहो, तो ओरखडा मी काढला होता.

त्याच संध्याकाळी सांगणार होते. तुम्ही जेवला नाहीत, ताट बाजूला सारलंत. म्हटलं, उद्या. उद्या तुम्ही तक्रार लिहीत होतात. म्हटलं, शांत झाले की. मग गाडी रंगवून आली, तुम्ही खूश झालात, मला येऊरच्या डोंगरापर्यंत फिरवून आणलंत. त्या दिवशी किती सांगायला आलेलं ओठांवर! पण तुम्ही शीळ घालत होतात हो. माझ्याच्याने नाही झालं.

आणि मग यंदाच्या मार्चमधली ती सकाळ. दाढी करता करता आरशासमोर खाली बसलात. अर्ध्या गालावर साबण तसाच. आता कुणाला सांगायचं?

खरं सांगू? तुम्ही गेल्यावर, रडून झाल्यावर, एकदा मनात आलं की आता कधीच सांगावं लागणार नाही. असं वाटून गेलं मला. बायको आहे मी तुमची.

गेल्या महिन्यात गाडी बघायला एक माणूस आला. त्याने डाव्या दारावर एक छोटं यंत्र टेकवलं, रंगाचा थर मोजणारं. "मॅडम, हे दार परत रंगवलंय. ॲक्सिडेंट झालेला का?"

"नाही हो, वॉचमनने ओरखडा काढलेला."

पटकन आलं तोंडातून. तुम्ही नव्हतात, घाबरायचं कुणाला नव्हतं, तरी आलं. तो माणूस मान हलवून पुढच्या चाकाकडे गेला. मी मात्र तिथेच उभी. वाटलं, हे खोटं आता मी मरेपर्यंत असंच बोलत राहणार, पाठ झालेल्या स्तोत्रासारखं.

दुसऱ्या दिवशी घाडींचा पत्ता काढला. कळव्याला एका देवळाबाहेर ते चपला सांभाळत बसलेले. चपला घ्यायच्या, पत्र्याचा बिल्ला द्यायचा. मला बघून उठले. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "घाडी, तो ओरखडा माझ्याकडून चुकून पडलेला."

त्यांनी एका बाईंच्या चपला घेतल्या, बिल्ला दिला. मग म्हणाले, "साहेबांना सांगितलंत?"

"नाही. ते गेले, मार्चमध्ये."

त्यांनी हात जोडले. "मला नाय कळलं. चांगले होते साहेब. गाडीचं सोडलं तर."

मला रडू यायला लागलं. "मला माफ करा," म्हटलं. त्यावर काय म्हणाले माहितीये? आवाज न चढवता म्हणाले, "वहिनी, मला सांगून काय उपयोग? मी नाय केलं, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. ज्यांना माहीत नाय, त्यांना सांगा. एजन्सी दारात उभं करत नाय मला. जावई विचारतो, मामा, खरंच तुम्ही...?"

एवढ्यात कुणीतरी बिल्ला पुढे केला, ते चपला काढायला वळले.

मग सोसायटीच्या सभेत गेले. तुम्ही असताना कधी त्या सभेला बसले नाही, तुम्हीच जायचात. पाण्याच्या टाकीचं झालं, लिफ्टचं झालं, मग मी उठले. सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, जाऊ द्या ना आता. साहेबही नाहीत, वॉचमनही नाही."

"वॉचमन आहेत," मी म्हटलं. "कळव्याला आहेत. ज्या वहीत त्यांचं नाव लिहिलंत, त्याच वहीत माझं लिहा. आणि एजन्सीला पत्र द्या."

मागे कुणीतरी कुजबुजलं. कुजबुजू दे. मी पत्रावर सही होईपर्यंत हलले नाही.

काल घाडींचा फोन आला. एजन्सीने बोलावलंय, खोपटला एका इमारतीत लावतायत, दिवसपाळीच. "सांगायचं म्हणून फोन केला," म्हणाले. आभार मानले नाहीत. कशाचे मानणार?

आता मुख्य. देवळापाशी आणि सभेत, दोन्हीकडे मी अर्धंच बोलले. "चुकून घासली गेली," म्हणाले. उरलेलं अर्धं आजवर कुणाला माहीत नाही.

त्या दिवशी माझा डोळा दाखवायचा होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आठवडा झालेला. तुम्ही येतो म्हणाला होतात. सकाळी म्हणालात, "गाडी सर्व्हिसला न्यायला ट्रक येतोय, तू रिक्षाने जा ना." गेले. काळा चष्मा लावून, एका हाताने रिक्षाचा दांडा धरून. येताना भाजी घेतली. बघते तर ट्रक आलाच नव्हता. गाडी न्हाऊन-माखून उभी, आणि तुम्ही वर झोपलेले, फोनही उचलला नाहीत.

सोबत नेलेल्या भाजीच्या चाकांच्या ट्रॉलीची पत्र्याची पट्टी सुटलेली होती. खांबाजवळून येताना ती दाराला घासली. चुकून. खरंच चुकून, चार बोटं. मी थांबले, बघितलं. आणि मग दांडी घट्ट धरून पुढे ओढली. हातभर.

बरं वाटलं हो मला. तेवढ्यापुरतं फार बरं वाटलं.

एवढंच म्हणायचं होतं ना मला? की मीही आहे इथे, माझ्याकडेही बघा? मग तोंडाने का नाही म्हणाले? भांडले असते तर तुम्ही आधी चिडला असतात आणि मग चहा केला असतात. भांडायचं सोडून मी दार ओरबाडलं, आणि भोगलं घाडींनी. तुमच्या हातूनही एक अन्याय करवला, आणि तो तुमच्या नावावर ठेवूनच तुम्हाला जाऊ दिलं. त्याची माफी कुठे मागू? म्हणून हे पत्र.

सोमवारी मी खोपटला जाणार आहे. घाडींची पाळी संपली की त्यांना हे उरलेलं अर्धंही सांगेन. त्यांनी पुन्हा तोंड बघितलं नाही तरी चालेल. 'चुकून' हा शब्द मी त्यांच्यासमोर परत उच्चारणार नाही. तुमच्या फोटोपाशी बसून कबूल करते.

तुमची,
मीना