तुझ्या चाकातली हवा

आई, कालपासून माझ्या गॅलरीत एक सायकल उभी आहे, ती कुठेच जात नाही. तिला एकच चाक आहे, तेही जागच्या जागी फिरतं, आणि हँडलवरच्या काचेत आकडे उमटत राहतात. तुझ्या नातवाने ती पुण्याहून गाडीत घालून आणली. म्हणाला, "टीव्ही बघत बघत चालव आई. ऊन नाही, ट्रॅफिक नाही, पडायची भीती नाही." मी विचारलं, "आणि पोचायचं कुठे?" तर म्हणाला, "पोचायचं नसतं गं, व्यायाम होतो." चाळिशी उलटलेला शिकलेला माणूस, पण हे बोलताना त्याला हसूही आलं नाही. माझी खरी सायकल उद्या सकाळी निघताना वॉचमनला देऊन टाकायची, असं तो ठरवूनच आला होता. वॉचमनला विचारून झालं होतं. मला विचारायचं राहिलं.

आता तो आतल्या खोलीत दुपारचा झोपलाय आणि मी तुला लिहायला बसले आहे. झालं असं, की महिन्यापूर्वी मी हर्सूलच्या रस्त्यावर पडले. कोपर सोललं, मनगट मुरगळलं, बाकी काही नाही. रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या बाईने मला उठवलं आणि उठवता उठवताच झापलं, "मावशे, ह्या वयात कशाला गं हे धंदे? लेक सांभाळत नाय व्हय?" मी म्हटलं, "सांभाळतो ना, म्हणून तर बाहेर पडते." मी घरी पोचायच्या आत शेजारणीचा फोन पुण्याला पोचला होता. डॉक्टर म्हणाले, हाडं आता काचेची समजा. मी म्हटलं, मग कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवा. ते हसले. मी विनोद केला नव्हता. सत्तरीच्या बाईला राग आला तरी लोकांना ती गोड वाटते, हा नवाच अपमान आहे. शहराचं नाव बदललं, रस्ते रुंद झाले, पण म्हाताऱ्या बाईने सायकलवर दिसू नये हे तसंच राहिलं.

पण तुला कोण बोलणार होतं! तू चाळिशीची असशील. तुझा नवरा, म्हणजे नाना, वैजापूरला तहसिलात कारकून, शनिवारी रात्री येणार, सोमवारी पहाटे जाणार. माझ्या कॉन्व्हेंटसाठी तू माझ्याबरोबर इथे राहिलीस आणि शाळेसाठी मला सायकल घेतलीस. आठवडाभर तू ती नुसती पुसत होतीस. मग एका रविवारी म्हणालीस, "मला येईल का गं?" आमखास मैदानावर सकाळचं कोवळं ऊन आहे, तू नऊवारीचा काष्टा घट्ट मारला आहेस, आणि मी मागून कॅरिअर धरून धावते आहे. "सोडू नको बरं का!" तू ओरडतेस. मी केव्हाच सोडलेलं असतं. तू क्रिकेट खेळणाऱ्यांच्या मधोमध शिरतेस. "सरका रे बाळांनो, मला थांबता येईना!" कोणीतरी ओरडतं, "काकू, ब्रेक!" "कुठंशी असतोय तो?" तू विचारतेस आणि स्टंपांवरून पार जातेस. मैदानाच्या टोकाला पडलीस तेव्हा तू इतकी हसत होतीस, की मला आधी वाटलं रडते आहेस.

मग तीस वर्षं तू सायकल सोडली नाहीस. मंडई, देऊळ, आजारी बायकांना डबे, आणि संध्याकाळी हर्सूलचं तळं. उतार लागला की दोन्ही पाय पेडलवरून उचलायचीस आणि मागे वळून मला सांगायचीस, "मी काहीच करीना गं, तरी चाललेय!" मला तेव्हा तुझ्या बोलण्याची लाज वाटायची. "'काय करायलीस' नको म्हणूस, 'काय करतेस' म्हण," असं मी तुला शिकवत असे. सिस्टरांनी मला ताठ बसायला शिकवलं होतं, ते मी नको तिथेही वापरलं.

तू बहात्तरची झालीस आणि वर्षात दोनदा पडलीस. मी बँकेत अधिकारी होते, प्रमोशनची मुलाखत तोंडावर होती, मुलगा बारावीत. तुला सांगितलं, बंद कर आता. तू म्हणालीस, "बघू." तुझं बघू म्हणजे नाही. म्हणून मी सकाळी आंघोळीच्या आधी अंगणात जाऊन तुझ्या मागच्या चाकातली हवा सोडायला लागले. रोज नाही, एक दिवसाआड. रोज सोडली असती तर तुला संशय आला असता. बघ, किती डोकं लावलं होतं मी.

तू सायकल ढकलत कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांकडे न्यायचीस. ते ट्यूब पाण्यात बुडवायचे, बुडबुडा यायचा नाही. रात्री जेवताना तू चाचांची नक्कल केलीस, "अम्मा, पंचर-बिंचर कुछ नै. कोई हवा छोड रा." मग ताटाकडे बघत म्हणालीस, "पोरं असतील गल्लीतली." मी म्हटलं, "असतील."

आणि मग ती सकाळ. मी चाकाशी उकिडवी बसले आहे, व्हॉल्व्हचं टोपण हातात आहे, हवा फुसफुसते आहे. दारात तू, दुधाचं पातेलं घेऊन. "काय करायलीस गं तिथं?" मला मराठी येत होतं, इंग्रजी येत होतं, हिंदी येत होतं. एकाही भाषेत शब्द सुचला नाही. तू जवळ आलीस, बघितलंस, आणि म्हणालीस, "ते टोपण नीट लाव. हरवलं की मिळत नाही." एवढं बोलून दूध तापवायला आत गेलीस.

दुसऱ्या दिवसापासून तू सायकल काढली नाहीस. चाकात हवा होती, मी स्वतः पंपाने भरून ठेवली होती. तू ओरडली असतीस, बोलणं टाकलं असतंस, तर मी भांडले असते आणि हरलेही असते. तू खिडकीशी खुर्ची ओढलीस. मी बँकेत सगळ्यांना सांगत सुटले, आईने स्वतःहून सोडली हो. संध्याकाळी मी घरी आले की तू विचारायचीस, "हर्सूलच्या तळ्याला पाणी आलंय का?" मी म्हणायचे, "तिकडे जायला वेळ कुठे आहे मला?" दीड वर्षाने तू गेलीस. अंथरुणात, एकही हाड न मोडता. अगदी सुरक्षित.

आमच्या शाळेच्या प्रार्थनाघरात कबुलीजबाबाचं लाकडी खोकं होतं. आम्हा हिंदू मुलींना तिथे मज्जाव, पण मी एकदा मधल्या सुट्टीत जाऊन बसले, तर सांगायला पापच आठवेना. आता आठवतं, तर ऐकायला कोणी नाही. मला तुझ्या पडण्याची भीती नव्हती, आई. तू पडलीस तर तुझं करायला मला रजा घ्यावी लागेल, याची भीती होती. त्या भीतीला मी काळजी म्हणत होते. पंचवीस वर्षं हेच म्हणत आले.

काल रात्री जेवताना मी हे सगळं तुझ्या नातवाला सांगितलं. तो घास हातात धरून ऐकत राहिला. म्हणाला, "मला आज्जी आठवते खिडकीतली. मला वाटायचं तिला तिथे बसायला आवडतं."

मी म्हटलं, "मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. आता खरं सांग, तुला माझी काळजी आहे की रजेची?"

त्याने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "दोन्हीची." पोरगं माझ्यापेक्षा बरं निघालं. मी पंचवीस वर्षांत जे म्हणू शकले नाही ते त्याने आमटी गार व्हायच्या आत म्हटलं. मी सांगितलं, "सायकल जाईल, पण मी म्हणेन त्या दिवशी. तू विचारायचंस, ठरवायचं नाहीस." तो म्हणाला, "बरं. मग दर रविवारी फोनवर विचारीन." "विचार," मी म्हटलं, "आणि ते गॅलरीतलं यंत्र घेऊन जा, मला तिथे पापड वाळवायचेत."

म्हणजे मी जिंकले. सायकल राहिली. तो उठला की चहा टाकेन आणि हा कागद तुझ्या जुन्या पातळांच्या घडीत ठेवेन, दुसरा पत्ता माझ्याकडे नाही.

पण त्याला एक सांगितलं नाही. पडल्यापासून मी सायकलवर बसलेलीच नाही. रोज सकाळी सगळ्यांच्या देखत ऐटीत ती फाटकाबाहेर काढते, घंटी वाजवते, आणि वळण घेऊन कोणी दिसेनासं झालं की हँडल धरून तिच्या शेजारून चालते. तळ्यापर्यंत चालत, तिथून चालत परत. वर बसायचा धीर होत नाही गं. परवा उतारावर मागेपुढे कोणी नव्हतं, तेव्हा डावा पाय पेडलवर ठेवला आणि उजवा जमिनीवरून उचलला. वीसेक पावलांचं अंतर गेले असेन. मग घाबरून उतरले.

आणि हो, तळ्याला पाणी आलंय.