बापूरावाचं तोंड

९ जुलै १९५७
पायरी केली त्यानं! विहारासाठी घडवत होतो त्या बुद्धाची — पायरी! खांदे निघाले होते, चेहरा तेवढा बाकी होता. आम्ही धर्म बदलला तेव्हापासून बापूरावाच्या पोटात दुखतंच आहे. आज गाडी पाठवून दगड उचलून नेला, आपल्या गोठ्यापुढे पालथा घातला. खाण त्याची, म्हणून दगडही त्याचा! वर मला म्हणाला, "पायरीले दगड पायजेच होता." त्याच्या देवळातला मारुती मीच घडवला. तेव्हा माझे हात चालले, पाय आत चालले नाहीत.
सोडणार नाही त्याला.

११ जुलै
खाणीवर पाय ठेवायचा नाही म्हणे. छिन्नी पडून आहे.

१६ जुलै
शेजारची सीताबाई रद्दी भिजवून, मेथी घालून कुटत होती — टोपल्या लिंपायला. मी म्हटलं, हा बायकांचा चिखल. ती म्हणाली, "दगड त्याचा असन. कागद तं कोनाच्या बापाचा नाई."
लगदा हातात घेऊन पाहिला. गिळगिळीत!

२८ जुलै
दगडात काढत जायचं, इथं लावत जायचं. हात ऐकत नाहीत. सुकताना सगळं आकसतं, नाकं वाकडी झाली. शेवटचं तोंड मात्र ओळखीचं निघालं — बापूरावाचं!
ठरलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाची पीडा घेऊन बडग्याचा पुतळा निघतो, वेशीबाहेर जळतो. यंदा त्याला बापूरावाचं तोंड. देव सोडले, पण बडग्या सोडवत नाही!

१२ ऑगस्ट
ओठ जमला. डावीकडून वर चढलेला, 'पायरीले' म्हणताना चढला होता तस्साच. सीताबाईनं तोंडाला पदर लावला. हसली की भ्यायली, कळलं नाही. गावभर झालंच असेल. होऊ दे. दगडात असा जिवंत माणूस मला कधी साधला नव्हता.

२१ ऑगस्ट
बापूराव गेला. मळ्यात साप चावला. माझ्या हातून सुटला! रडू आलं — रागानं. तरी जाळणारच.

२३ ऑगस्ट
त्याची बायको देवकाबाई दारात आली. सुतकात, एकटी. म्हणाली, "त्यायचा फोटो कधी काढलाच नाई. तुह्याजवळ तोंड हाये म्हने. दे मले."
बाहेर आणून ठेवलं. बराच वेळ पाहत राहिली. ओठाकडे बोट नेलं, मागे घेतलं. उद्या या म्हटलं.

२४ ऑगस्ट
ओठ भिजवून मऊ केला. देवकाबाईला विचारलं, हसताना कसा व्हायचा?
म्हणाली, "मले काय माईत."