मागच्या खोलीतला आवाज

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन उचलत नाही म्हणून चिडली असशील. बोललो तर आवाज चढेल, म्हणून लिहितोय. कॉलेजच्या लायब्ररीवालीचं लग्न ठरल्याचं कळलं, त्या संध्याकाळी तिचं सगळं, फोटो, व्हिडिओ, हार्ड डिस्कवरून उडवायला बसलो. ते संपता संपेना. डोकं फिरलं आणि चालू डिस्कची वायरच उपटली. आता डिस्कचा तो कप्पाच उघडत नाही; कॉम्प्युटर सारखा सगळं पुसून फॉरमॅट करू का विचारतो. तिचं जाऊ दे, पण आईची रेकॉर्डिंग्जही त्यातच आहेत. दुसरीकडे कुठेच नाहीत, आणि आई गेल्यावर आता नवी होणार नाहीत.

फॉरमॅटला हात लावलेला नाही. आधी डिस्कची जशीच्या तशी नक्कल उतरवतोय. शोधाशोध नकलेवरच करायची, मूळ डिस्कवर काही लिहायचं नाही, एवढं अर्धवट कॉलेजातही शिकलो. बाबांना एवढ्यात सांगू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा भडकू

९ मार्च

चि. भडकूस,
अनेक आशीर्वाद.

तिची लायब्ररी दिसू नये म्हणून कॉलेज सोडलंस, आता वायरी उपटतोस. पुढे काय, भिंती पाडणार का?

लपवायला वेळ नाही रे. डॉक्टर म्हणाले, बाबांचं उरलंसुरलं ऐकू येणंही थोड्या महिन्यांत जाईल. यंत्र लावूनही जवळून, मोठ्याने बोललेलंच कळतं. परवा बाबांनी एकच मागितलं, की आईला एकदा ऐकायचंय. मी हो म्हणून बसले. तेव्हा आधी हे काम कर, मग हवं तितकं झुर. आणि वेळेवर जेवत जा.

तुझीच,
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
सा. न.

फायली परत आल्या, पण नावं आणि फोल्डर गेले. नुसते आकडे. कशात काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणजे आईला शोधायला मला लायब्ररीवालीचंच सगळं बघावं लागलं. ती हसतेय, ती शिंकतेय, ती चप्पल शोधतेय. मध्येच उठून रस्त्यावर चालून आलो.

आईची रेकॉर्डिंग्ज मोठी होती. डिस्कवर तुकड्यांनी विखुरलेली, आणि कुठला तुकडा कुठल्यानंतर ही नोंदच पुसली गेलीय. वाजवली की खरखर. एकच धड सापडलं. लायब्ररीवाली आपल्या घरी आली होती तेव्हाचा व्हिडिओ. ती खिडकीत कुंड्यांना पाणी घालतेय आणि मागच्या खोलीतून आई तिच्याशी बोलतेय. त्यातून फक्त आईचा आवाज कापून, मोठा करून सोबतच्या पेन ड्राइव्हवर घातलाय. ती बाबांच्या कानाशी कशाला हवी.

आठवण ठेव.
भडकू

२ एप्रिल

चि. भडकूस,
आशीर्वाद.

बाबांनी डोळे मिटून स्पीकरला कान लावला. संपल्यावर मला विचारलं, की कधी सुरू होणार. मी पुन्हा लावलं, इतकं मोठं की शेजारीण दाराशी आली. बाबांपर्यंत काही पोचलं नाही. मग म्हणाले, पोराने खटपट केलीय, ऐकू आलं असं कळव.

मी तसं कळवणार नाही. न कापलेला व्हिडिओ पाठव.

ताई

१४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पूर्ण व्हिडिओ मिळाला. तुझी आई मला त्यातही ऐकू आली नाही. पण ती मुलगी जवळ उभी आहे आणि खणखणीत बोलते. ती म्हणाली, की हो काकू, मागच्या कुंड्यांनाही घातलं. मी तिथेच थांबवलं आणि आईने काय विचारलं असेल ते ताईला सांगितलं. मग ती मुलगी म्हणाली, की नाही, भिजले नाही. पुन्हा थांबवलं. तुझी आई कुठल्या प्रश्नानंतर कुठला विचारते ते मला पाठ आहे. ताई व्हिडिओ ऐकून पडताळत होती; एकही चुकला नाही. इतक्या दिवसांनी मी तुझ्या आईचं बोलणं ऐकलं असंच म्हणायचं.

त्या मुलीचं बाकी सगळं ठेव किंवा उडव, मी मध्ये पडत नाही. एवढा व्हिडिओ मात्र माझा.

शेवटी ती खूप हसते. त्याआधी आईने कसली तरी थट्टा केलेली असणार. ती मला सुचत नाही, आणि पाण्याच्या आवाजात ताईलाही कळत नाही. व्हिडिओ तू काढत होतास. आई काय म्हणाली ते आठवून लिही.

वाट बघतो.
बाबा