राक्षसाच्या दातांची कवळी

प्रिय भिंगरी,

हे तुझ्या आईनं ठेवलेलं नाव. मी आजवर कधी वापरलं नाही, पण वर तुझं शाळेतलं नाव लिहून पाहिलं तर पत्र वीज कंपनीकडून आल्यासारखं दिसायला लागलं, म्हणून कागद बदलला. चालवून घे. माझी तब्येत ठणठणीत आहे, साखर आटोक्यात आहे, घर जागेवर आहे, तेव्हा पाकीट बघून घाबरू नकोस. विषय निराळा आहे. तुमच्या रविवारच्या खेळात एक जागा रिकामी झाली आहे आणि ती मला द्यायचं लंबूच्या मनात आहे. मलाही बसायचं आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण फोनच्या पडद्यावरून का होईना, तू दर रविवारी तिथे असतेस, आणि तुला न विचारता मी तुमच्यात येऊन बसणं बरं दिसत नाही.

झालं असं, की तुझ्या या बालमित्रानं, लंबूनं, समोरचा दात तोडून घेतला. बाटलीचं झाकण दातानं उघडू नये हे तुझी आई त्याला तो अर्ध्या चड्डीत होता तेव्हापासून सांगत आली होती. दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून आमच्या कवळ्यांच्या लॅबमध्ये साचा आला, त्यावर नुसता क्रमांक होता, पण दातांमधली ती फट बघून मी ओळखलं, हा आपल्या स्वयंपाकघरात बसून शीळ घालणारा गडी. रंग जुळवायला त्याला बोलावून घेतलं. खिडकीपाशी बसवून, ओठ बाजूला धरून, एकेक नमुना दाताशी लावून बघत होतो. तोंड उघडं असलं की माणसाला बोलता येत नाही, त्यामुळे अशा वेळी मी भरपूर बोलतो. बोलता बोलता तू कशी आहेस ते विचारलं. तोंड मिटायला मिळाल्यावर तो म्हणाला, मजेत असते, रविवारी दुपारभर हसत असते. मला हे नवीन होतं. आपला फोन 'जेवलीस का' आणि 'तुम्ही जेवलात का' इथवर येतो, दोघंही जेवलेले असतो, मग पुढे काही उरत नाही. तक्रार म्हणून सांगत नाही. लग्न होऊन मी तुमच्या घरात आलो तेव्हा तू सातवीत होतीस, पहिल्याच दिवशी मला काका म्हणालीस आणि ते आजतागायत चालू आहे. हाक चांगली आहे, बसच्या कंडक्टरलाही चालते. बाकी आपल्या दोघांत बोलायचं काम तुझी आई करायची. मागल्या वर्षी ती गेली, तू नोकरीच्या गावी परत गेलीस, आणि त्या कामाला दुसरं माणूस मिळालेलं नाही.

तुमचा खेळ म्हणजे काय हे मला तोवर धड माहीत नव्हतं. तू घरी असताना दार लावून खेळायचात, आतून फासे पडल्याचा आवाज यायचा, मला वाटायचं सापशिडीचाच कुणी मोठा भाऊ असेल. लंबूनं समजावलं. प्रत्येकानं एक मनचा माणूस तयार करायचा, त्याला धंदा द्यायचा, स्वभाव द्यायचा, आणि मग त्याच्या तोंडून बोलायचं. लंबू सूत्रधार, तो जंगल सांगणार, किल्ला सांगणार, दारात राक्षस उभा करणार. आपल्या माणसानं काय करायचं ते आपण ठरवायचं आणि ते जमलं की फसलं ते फाशानं. जिंकणं-हरणं नाही. फक्त तो माणूस खरा वाटला पाहिजे, नाहीतर बाकीच्यांचाही रस जातो. पात्र बनवून आणा काका, घाई नाही, पण खोटं नको, असं म्हणून तो गेला. मी मनात म्हटलं, उभा जन्म खोटे दात खरे दाखवण्यात गेला, मला काय अवघड आहे.

पहिलं पात्र मी जेवणाच्या टेबलाशी एका बैठकीत उरकलं. योद्धा. उंच, देखणा, तलवारीत तरबेज, घोड्यावर तरबेज, सात भाषा बोलणारा, थोरामोठ्यांचा मान राखणारा, आणि जिना चढताना गुडघे न दुखणारा. शेवटची गोष्ट मी हौसेनं घातली होती. लंबूनं वाचलं, नव्या दातावरून जीभ फिरवली आणि विचारलं, याला काय जमत नाही? मी म्हटलं, सगळं जमतं. तर म्हणाला, मग याला आमची गरज काय, तो एकटाच जाऊन राक्षस मारून येईल आणि आम्ही चहा पीत बसू.

हे मला आधीच सुचायला हवं होतं. कोर्टातून निवृत्त झालेले एक कारकून मागे आमच्याकडे येत असत. कवळी पांढरीशुभ्र हवी, दात एका ओळीत हवेत म्हणून हटून बसले. गिऱ्हाईकापुढे शहाणपण चालत नाही, मी करून दिली. थोड्या दिवसांत परत आले. नात जवळ येईना, म्हणे आजोबांच्या तोंडात दुसऱ्याच कुणाचे तरी दात आहेत. मग नवी केली. रंग जरा पिवळट घेतला, एक सुळा किंचित तिरका बसवला, पुढच्या दातांच्या कडा वापरून झिजल्यासारख्या घासल्या. नातीला लगेच पटलं. कारकूनसाहेबांना अजून पटलेलं नाही, पण घालतात.

तेव्हा दुसऱ्या वेळी मी शहाणा होऊन बसलो. या खेपेला बाई केली. डोंगरातल्या वाटेवर सराय चालवणारी. रस्ता माहीत नसला तरी ठामपणे सांगणारी आणि वाटसरू चुकून परत आला की त्यालाच बोलणारी. किल्ल्या कुठेतरी ठेवायच्या आणि घरभर दुसऱ्यांची झडती घ्यायची. कुणाशी कडाकडा भांडली की तासाभरानं त्याच्याच हातात गरम ताट द्यायचं, वर म्हणायचं, उरलं होतं म्हणून आणलं. काम करताना गाणं म्हणणारी, चाल एका गाण्याची आणि शब्द दुसऱ्याचे. हे सगळं इतकं भराभर आलं की हात दुखेपर्यंत लिहीत होतो. मला वाटलं, आता लंबू काय नावं ठेवतो ते बघू.

लंबूनं नावं ठेवली नाहीत. वाचून झाल्यावर म्हणाला, काका, ही काकू आहे. मी म्हटलं, छे, ही सरायवाली आहे. तो म्हणाला, हिला मी मारू शकणार नाही. आमच्या खेळात फासा वाईट पडला की कुणीही मरू शकतं, आणि सूत्रधारानं एकाला सांभाळून घेतलं की त्याच्या जंगलावर कुणाचा विश्वास राहत नाही. शिवाय भिंगरी समोर असेल, तिनं काय करायचं? तुझा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. मला एवढंच वाटलं होतं, की दर रविवारी थोडा वेळ तिच्यासारखं बोलायला मिळेल. तिच्यासारखं बोलणारं आता घरात कुणी नाही आणि मला तिची फार आठवण येते. हे फोनवर सांगत नाही, कारण तुलाही येत असणार, आणि मग दोघांपैकी कुणी फोन ठेवायचा हा प्रश्न पडेल. तो कागद मी परत घेतला. तुला हवा असेल तर पाठवीन, नको असेल तर पुन्हा विषय काढणार नाही.

मध्ये काही दिवस मी हा नाद सोडून दिला. स्वयंपाकघरातला नळ बदलून घेतला, आता गळत नाही, पण उघडताना शिंकतो. तुझ्या खोलीत मी काही सामान भरलेलं नाही, इस्त्रीचं टेबल तेवढं दाराशी उभं केलंय, तू येणार असलीस की हलवीन. लॅबमध्ये काम बरं चाललं आहे. पण एकदा डोक्यात घेतलं की सुटत नाही. लंबूला गाठून विचारलं, बाकीच्यांनी कसली माणसं केली आहेत? तो म्हणाला, एक मांत्रिक, एक पळून आलेली राजकन्या, एक भाडोत्री शिपाई, आणि भिंगरीची तिरंदाज, डोंगराखालच्या गावाची वेस राखणारी. चौघंही अनाथ. तुझी तिरंदाज अनाथ आहे हे ऐकून जरा चमकलो होतो, पण बाकी तिघांचे आईबाप घरी टीव्ही बघत बसलेले असतात, त्यांनीही अनाथच केलेत. लंबूचं म्हणणं, सगळे असंच करतात, आईबाप असले की सारखं घरी जावं लागतं, मग राक्षस कधी मारणार. मला ते पटलं.

तर आता तिसरं पात्र. हा माणूस कवळ्या बनवतो. हसू नकोस, नीट वाच. तुमच्या त्या राज्यात म्हातारे राजे असणार, म्हातारे सरदार असणार, त्यांचे दात पडणार, हे इतक्या वर्षांत तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. तुम्ही राक्षस मारता, त्याचं सोनं उचलता आणि एवढे उत्तम दात तिथेच टाकून निघून जाता. हा पक्कड घेऊन मागून येतो. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा, तसा तुमच्या मागोमाग फिरेल. लढता येत नाही. घोड्याला भितो, कारण घोड्याचे दात त्यानं जवळून पाहिले आहेत. गुहेत सगळ्यात शेवटी शिरतो आणि बाहेर पडताना पहिला असतो. कुणी बोलायला लागलं की याची नजर डोळ्यांकडे नसते, तोंडाकडे असते, त्यामुळे लोकांना वाटतं याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे. एक गुण मात्र आहे. कवळी बसवली की गिऱ्हाईक पहिला घास नीट चावून गिळेपर्यंत तो जागचा उठत नाही, मग बाहेर राक्षस आला तरी.

लंबू हे वाचून मोठ्यांदा हसला आणि म्हणाला, हा चालेल. ही कल्पना कुठून आली ते तुला कळलं असेल. शाळेच्या नाटकात तुला राक्षसीण केलं होतं आणि बाजारातले प्लॅस्टिकचे सुळे तोंडात राहत नव्हते. तू लॅबच्या दारात येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, खालचे पण हवेत, काका. मी तुझ्या दातांचा साचा घेतला, तुला उलटी आली, तरी पुन्हा तोंड उघडलंस. ते सुळे घालून तू नाटकानंतरही जेवायला बसायचीस आणि आई म्हणायची, या बयेला आता कुणीतरी आवरा. तू स्वतःहून माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. मला ते काम फार आवडलं होतं.

या कवळीवाल्याचं मागचं-पुढचं मी फारसं लिहिलेलं नाही. मोठा झाल्यावर तो डोंगराखालच्या गावात राहायला आला, बरीच वर्षं तिथे काढली, तरी गाव त्याला नवा माणूस म्हणतं. त्याचा त्याला राग नाही. लंबू म्हणाला, अरे वा, भिंगरीची तिरंदाजही त्याच गावची. मी म्हटलं, असं होय. मला ते आधीच माहीत होतं.

आता पत्राचं कारण. सगळं ठरल्यावर लंबूनं शेवटचा प्रश्न काढला, हा माणूस एखाद्या दिवशी घरी परतला नाही, तर कुणाच्या लक्षात येईल? मी विचार करायला लागलो तर म्हणाला, याचं उत्तर तुम्ही द्यायचं नसतं. तुमच्यात म्हणे अशी पद्धत आहे, की नवा माणूस आला की आधीच्यांपैकी कुणीतरी 'मी याला ओळखतो' म्हणायचं आणि कसा ओळखतो ते सांगायचं. कुणीच बोललं नाही तर तो गोष्टीत येत नाही. लंबू माझी सोय करायला तयार होता, मांत्रिकाला सांगतो म्हणाला. मी नको म्हटलं. तुझी आई होती तोवर तू माझी कोण आणि मी तुझा कोण, हे विचारायची वेळ आली नाही. ती गेल्यावर ते तुला विचारायला हवं होतं आणि फोनवर माझी जीभ जेवणाच्या पुढे रेटत नाही, म्हणून हा सगळा घाट. येत्या रविवारी लंबू माझं पात्र वाचून दाखवेल आणि विचारेल, याला कोण ओळखतं. मी त्या दिवशी तिथे नसेन, तेव्हा भीड पडायचं कारण नाही. ओळखत असशील तर कशी ते तूच ठरव. शेजारचा म्हण, वाटेत भेटलेला म्हण, मला काहीही चालेल. गप्प राहिलीस तर तो माणूस आपली पक्कड घेऊन दुसऱ्या रस्त्याला लागेल. त्याला त्याचं काही वाटणार नाही, तो कागदावरचा आहे. मला वाटेल.

तुझाच,
काका